गोडव्याचं नाव मराठीत छापा

महोदय,

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी 'शुगर-फ्री' बिस्किटांचा पुडा आणला. आत काय आहे ते इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत, की चष्मा लावूनही त्यांना लागेना. शेवटी नातवाने मोबाइलवर फोटो मोठा करून वाचलं, साखरेऐवजी घातलेला कृत्रिम गोडवा: अ‍ॅस्पार्टेम.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. त्याच वेळी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅमची सेवनमर्यादा कायम ठेवली, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचलं.

वडिलांनी घाबरून चहात गूळ सुरू केला. अहो, गुळानेही रक्तातली साखर वाढतेच! शिवाय आठवडी बाजारातली पिवळीधमक ढेप अनेकदा हायड्रोस हे रंग उडवणारं रसायन घालून उजळलेली असते. आमच्याकडच्या गुऱ्हाळात निघणारा साधा गूळ काळपट तांबूस असायचा, हाताला चिकटायचा.

अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीलाच नव्हे, बारमाही गुळाचे नमुने तपासावेत. आणि केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोडव्याचं नाव पुड्याच्या दर्शनी बाजूला, ठळक मराठीत छापणं सक्तीचं करावं.

– एक वाचक, लातूर