आमच्या आशाताईंना (गावच्या आशा स्वयंसेविकेला), आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडून

ताई,
सप्रेम नमस्कार.

आपलं रोजचं बोलणं लसीकरण आणि रिपोर्टिंगचं. त्यात हे राहूनच जात होतं, म्हणून चार लोकांत लिहिते आहे.

हिस्ट्री, म्हणजे रुग्णाला विचारून त्रासाची माहिती, कशी घ्यायची, हे कॉलेजात घोटून घेतात. माणूस बोलता कसा होतो, हे मी तुमच्याबरोबर गृहभेटींना फिरताना पाहिलं.

सातव्या दिवसाची ती भेट आठवते? बाळंतिणीला काहीही विचारलं की "बरं आहे". बाकी सगळं सासूबाईच सांगत होत्या. तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं ऐकून घेतलंत, वर दोन गोष्टी खोदून विचारल्यात. मनासारखं बोलून झाल्यावर त्या आपणहून चहा टाकायला उठल्या. मग तुम्ही झोपलेल्या बाळाचं झबलं वर करून श्वास मोजायला घेतलेत, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर. आकडा 60 च्या आत, काळजीचं काही नव्हतं. पण त्या मिनिटात खोलीत कोणी बोललं नाही, आणि ती पोर हळूच म्हणाली, "छाती पार दगडासारखी झालीय."

माझे प्रश्न तयारच होते. तुम्ही फक्त "दगडासारखी?" म्हणालात आणि थांबलात. तेव्हा बाकीचं बाहेर आलं: रात्री थंडी वाजून ताप आलेला, दुखतं म्हणून त्या बाजूला बाळाला घेतच नव्हती. घरात बोलली नाही, कारण 'हिला दूधच नाही' असं म्हणतील. पुढचं निदान सोपं होतं. औषध मी दिलं. पाजणं चालू ठेवायचं आणि बाळ कसं धरायचं, हे तुम्ही शेजारी बसून दाखवलंत.

लोक तुमच्या सोशिकपणाचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. कोणाचं आधी ऐकायचं, कुठे थांबायचं, हे कसब आहे, टाके घालण्याइतकंच. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं रेकॉर्ड करून 1984 साली मांडलं, की डॉक्टर रुग्णाचं पहिलं सांगणं सरासरी 18 सेकंदांत तोडतात. आमच्या ओपीडीची रांग पाहता मला त्याचं नवल वाटलं नाही.

रांग काही कमी होणार नाही. पण तुमची एक सवय मी उचलली आहे. केसपेपर लिहायच्या आधी विचारते, "आणि काय होतंय?" 'अजून काही नाही ना?' असं विचारलं की बायका मान हलवून मोकळ्या होतात. तसं न विचारल्यामुळे अंगावरून जाण्याची तक्रार आता दारातून परत फिरून सांगायची वेळ येत नाही, खुर्चीत बसल्या बसल्याच निघते. वेळही, खरं सांगू, फार जास्त लागत नाही.

बाळंतपणानंतरच्या 42 दिवसांच्या सगळ्या भेटींचे मिळून तुम्हाला 250 रुपये, तेही कधी वेळेवर येत नाहीत. त्यावर आभाराचं पत्र हा उतारा नाही, हे कळतं मला. बिलांचा पाठपुरावा तालुक्याला चालू आहे, तो सोडणार नाही.

पुढच्या महिन्यात नवे डॉक्टर रुजू होताहेत. त्यांनाही दोन-चार घरी घेऊन जा. बोलायची बरीच हौस आहे म्हणे त्यांना, तेव्हा वजनकाटा त्यांच्याकडेच धरायला द्या.

तुमची,
डॉक्टर मॅडम