सोडलेला मासा जगतोच असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मालवणच्या खोल समुद्रातल्या हौशी मासेमारीवर पानभर मजकूर आला. गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, दखल कुणी घेतली याचा आनंद झाला, पण एका फोटोबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. चौघे हसरे तरुण, मधल्याच्या हातात आठ-नऊ किलोचा गोबरा (ग्रूपर) आणि खाली ओळ : ‘पकडला आणि पुन्हा समुद्रात सोडला’. त्या गोबऱ्याच्या तोंडातून फुग्यासारखं गुलाबी काहीतरी बाहेर आलं होतं. ते त्याचं जठर. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर बहुधा जगत नाही.

वीस वर्षं मी सुट्टीच्या दिवशी गरवायला जातोय. दसऱ्यानंतर नद्यांचं गढूळ पाणी निवळलं की पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं; आठ-दहा वाव खोलीच्या खडपांवरच (पाण्याखालच्या खडकांवर) इसवण, म्हणजे सुरमई, लागायची. यंदा तिथे आमिष सोडलं की काळ्या ट्रिगरफिशची झुंड तुटून पडते. दोन मिनिटांत गळ कोरा, वर दोरी कुरतडलेली. इसवण मिळालीच नाही असं नाही. डिसेंबरात दोनदा बरी लागली, पण बहुतेक हातभरही नसलेली. झगझगीत एलईडी दिव्यांनी मासळी खेचून घेणाऱ्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे म्हणे. रात्री क्षितिजावर कसला उजेड दिसतो, ते किनाऱ्यावर कुणालाही विचारा. जवळ मासा नाही म्हणून हौशी गिऱ्हाइकांच्या बोटी आता तीन-तीन तास बाहेर, पंचवीस-तीस वावांवर जातात. तिथे तांबोशी (रेड स्नॅपर) आणि गोबरा लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

तीस वाव म्हणजे जवळपास 55 मीटर. तिथला दाब पृष्ठभागाच्या साडेसहा पट. इसवणीला पोटात हवेची पिशवी नसते, तळाच्या या माशांना असते. रिळाने भराभर वर ओढलं की ती पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर ढकलते, डोळे बटबटीत होतात. मग सोडलं तरी मासा खाली जाऊच शकत नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः अशी एक तांबोशी मोठं पुण्य समजून सोडली होती. ती कुशीवर तरंगत शेपूट आपटत राहिली. बोटीचा तांडेल (नाखवा) म्हणाला, “काकांनू, ही काय जगाची नाय.” बोट वळायच्या आत घारीने झेप घेतली.

काही जण बाहेर आलेल्या फुग्याला सुई टोचतात. ती सुई जठरात शिरते, हवेच्या पिशवीत नव्हे. मासा आणखी लवकर मरतो, एवढंच. त्यात गोबरा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे फोटोसाठी धिप्पाड तेवढे वर काढत राहिलो तर खडपावर नरच उरायचे नाहीत.

उपाय स्वस्त आहे. किलो-दीड किलोचं शिसं, त्याला काटा घासून काढलेला एक गळ उलटा बांधायचा, तो माशाच्या खालच्या जबड्यात अडकवायचा आणि मासा वजनासकट तळाकडे सोडायचा. खाली जाता जाता पिशवी आपोआप आवळते. तळाशी एक झटका दिला की गळ सुटतो, मासा मोकळा. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात तळाचे मासे गरवणाऱ्यांना असं साधन किंवा हवेची पिशवी टोचायची सुई बोटीवर तयार ठेवायचा नियम 2022 साली लागू झाला. आपल्याकडे नियमाची वाट न पाहता माणशी हजारो रुपये घेणाऱ्या बोटवाल्यांनी शे-दोनशे रुपयांचं शिसं ठेवायला हरकत नसावी. ज्यांच्या बोटीवर मी दोनदा गेलो त्यांनी मात्र “गिऱ्हाइकाला तेवढा धीर नसतो” म्हणून हसण्यावारी नेलं.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ‘सोडला’ असं छापण्याआधी फोटोत माशाचं तोंड बघावं आणि तो खाली गेला का, हे विचारावं.

आम्ही चार मित्र आता ते शिसं सोबत नेतो. गेल्या खेपेला लागलेल्या पाचांपैकी चार तळाशी पोचवले. पाचवा वर आला तोच गतप्राण झालेला. त्याचं तिखलं केलं, फोटो काढला नाही.

आपला,
एक गरवणारा वाचक, कुडाळ