सगळे असतात, तेव्हा लक्ष कुणाचे असते?

महोदय,

सुट्टीत भावंडांनी एकत्र यावे, एका छताखाली आठवडाभर राहावे, भांडावे आणि तासाभरात पुन्हा एकत्र खेळावे, याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अनेकदा जिव्हाळ्याने लिहिले जाते आणि त्यातल्या एका शब्दालाही माझी हरकत नाही. मात्र ही भावंडे ज्या घरी उतरतात त्या घराची बाजू त्या लेखनात क्वचितच येते, म्हणून हे पत्र. नुकतेच आमच्याकडे माझ्या दोन नणंदा आणि धाकटे दीर सहकुटुंब सात दिवस राहून गेले. आमची दोन धरून मुले एकूण नऊ. सर्वांत लहान दहा महिन्यांचे, तर थोरली पुतणी अकरा वर्षांची. सासूबाई आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या मावससासूबाई यांच्यासह मोठी माणसे दहा. मुलांपेक्षा मोठी माणसेच जास्त, तेव्हा देखरेखीची चिंता नको, असा हिशेब मी मनाशी केला होता. तो साफ चुकला.

तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणे आटोपून मोठी मंडळी बैठकीत गप्पा मारत असताना थोरली पुतणी धावत आली आणि म्हणाली, ‘काकू, छोटू आजीच्या गोळ्या खातोय.’ मावससासूबाईंची कापडी पिशवी पलंगाच्या पायाशी टेकवून ठेवलेली होती आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट तीन वर्षांच्या भाच्याच्या हातात होते. आपल्या भाषेत औषधालाही गोळी म्हणतात आणि खाऊलाही गोळीच. त्यामुळे त्या बाळाला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही पाकीट हिसकावले, त्याच्या तोंडात बोट फिरवून पाहिले, पिशवी उलटी केली आणि गोळ्या मोजल्या. सात उरायला हव्या होत्या. पहिल्या मोजणीत सहा भरल्या. सातवी चादरीच्या घडीत सापडेपर्यंतची दोन-तीन मिनिटे कशी गेली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर जे संभाषण झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मुलाच्या आईला वाटले होते, तो मामीजवळ आहे. मला वाटले होते, तो वडिलांजवळ आहे. वडिलांना वाटले होते, आजी दोघी आतच आहेत. आजी दोघी डुलकी घेत होत्या आणि त्या वयात दुपारी ती घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कुणीच निष्काळजी नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्यावर विसंबून डोळे वळवले होते. बारभाईची शेती म्हणतात ती हीच. दोनच माणसांच्या घरात मूल दिसेनासे झाले की निदान एकाच्या तरी ते लगेच ध्यानात येते. दहा माणसांच्या घरात ते कुणाच्या तरी मांडीवर असेल, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

पोहण्याच्या तलावाकाठी मुले खेळत असताना एका वेळी एकाच मोठ्या माणसाने पहारा द्यावा आणि उठताना दुसऱ्याला तसे सांगून उठावे, असा सल्ला दिला जातो. आम्ही त्या संध्याकाळपासून तोच घरात लागू केला. मुलांच्या खेळण्यांतली एक शिट्टी दोरीत ओवली; ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याचे लक्ष मुलांवर, आणि तेही फक्त एक तास. त्या तासात फोन बाजूला ठेवायचा, वाचन करायचे नाही आणि शिट्टी काढताना पुढच्या माणसाचे नाव घेऊन ‘आता तुमच्याकडे’ असे म्हणायचे. पहिल्या दिवशी पुरुषमंडळींनी याची थट्टा केली. एकांना नेमका त्यांच्या तासाला महत्त्वाचा फोन आला, दुसऱ्यांनी शिट्टी परस्पर बायकोच्या गळ्यात घातली. पाहुणा म्हणून आलेला बाप हा आठवडाभर बापपणाच्याही रजेवर असतो, ही समजूत नेमकी कुठून येते हे मला कळलेले नाही. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईनेच पाठीमागेही डोळे ठेवावेत, ही अपेक्षा मात्र घरोघरी दिसते.

अशा गर्दीत धोके फारसे नवे नसतात, ते फक्त नेहमीपेक्षा खालच्या उंचीवर येतात. एरवी माळ्यावर असणारी औषधे पाहुण्यांच्या बॅगांतून जमिनीवर येतात, म्हणून बॅगा आल्या आल्या औषधे एकत्र करून कुलपात ठेवावीत. नऊ जणांच्या आंघोळीसाठी भरलेल्या बादल्या न्हाणीघरात तशाच राहतात आणि रांगणारे मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते, म्हणून शेवटच्या आंघोळीनंतर बादल्या पालथ्या घालाव्यात. मोठ्या मुलांच्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तेव्हा गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आजारपणाविषयी संकोच न बाळगता निघण्याआधीच बोलावे. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकतो आणि लागण झालेल्याला लक्षणे दिसायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणजे एका घरच्या मेळाव्याचा प्रसाद पाहुणे आपापल्या घरी परतल्यावर उघडा पडतो. ‘आमच्याकडे एकाला ताप आहे, दोन दिवस उशिरा येऊ का?’ असे विचारणारा पाहुणा मला तरी अधिक आपला वाटतो.

झोपेच्या बाबतीत मी स्वतः चुकले. ‘चार दिवस तर आहेत’ म्हणत मीच मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागू दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. चौथ्या दिवशीची सारी रडारड, चावाचावी आणि रुसवेफुगवे यांचे मूळ मला खेळण्यांत नव्हे, त्या जागरणांत दिसले.

एक गोष्ट यजमानांच्या मुलांसाठी. ‘पाहुणे आहेत, देऊन टाक’ हे वाक्य माझ्या मुलाने त्या आठवड्यात किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. अखेर त्याला त्याच्या दोन आवडत्या वस्तू कपाटात ठेवायला सांगितल्या. त्या कुणालाही द्यायच्या नाहीत, बाकी सर्व सर्वांचे. त्यानंतर उरलेली खेळणी त्याने आपण होऊन बाहेर आणून दिली.

शिट्टी अजून दाराजवळच्या खुंटीवर लटकते आहे. पुढच्या खेपेला पहिल्या दिवशीचा पहिला तास आपला, असे धाकट्या दिरांनी निघताना स्वतःहून सांगितले आणि सासूबाईंनी ते कॅलेंडरवर लिहूनही ठेवले आहे.

आपली,
एक वाचक