पाळी कोणाची?

बाय,

काल जयगडहून, त्या शिडाच्या होडीवरून फोन केलास तेव्हा मागे सगळे हसत होते. पाऊस कोसळतोय, केबिनमध्ये पत्ते चाललेत, मॅगीवर मॅगी होतेय. आई म्हणाली, मजेत आहे पोरगी. मला एक विचारायचं होतं ते राहिलं. नांगराला साखळी किती सोडलीत?

वळवाच्या पावसाचं काही नाही. त्याच्या पुढे धावत येतो तो वारा वाईट. शीड उतरवलं तरी डोलकाठी वारा खातेच. पाच वाव (वाव म्हणजे सहा फूट) पाणी असेल तर पंचवीस वाव तरी सोडा, आणि पाणी भरतीचं धरा, ओहोटीचं नाही. तळाला चिखल असला तर नांगर बसतो, खडकावर नुसता खरवडत जातो. नांगर घसरला की वाजणारा अलार्म मोबाइलवर असतो, माहीत आहे. तरी सर यायच्या आत किनाऱ्यावरच्या दोन खुणा होकायंत्रावर घेऊन ठेव, म्हणजे होडी सरकली तर कळेल. पावसात दीपस्तंभसुद्धा दिसेनासा होतो.

झालं माझं सुरू. रागावू नको. हे तुला क्लासात शिकवलंय, आणि मी पडलो लाँचवाला. शिडं आजोबांबरोबर गेली.

त्या क्लासात पहिल्या वर्षी ऑप्टिमिस्टमध्ये, पोरांच्या त्या इवल्या शिडाच्या होडीत बसलीस, ती मला आईच्या परातीएवढी वाटली होती. पावसाची सर आली तशी बाकीची पोरं दोर धरून ओढून आणली. तू येईनास. तिकडेच गोल फिरत होतीस. शिकवणारे सर ओरडत होते, मीही ओरडलो. आतून काय वाटत होतं ते आत्याला विचार, तिला मी सांगितलंय.

फयान वादळाच्या वेळी, २००९ ला, नाना जयगडलाच आत शिरला होता. त्याचा नांगर टिकला, शेजारच्या होडीचा घसरला. पुढचं तो सांगत नाही.

होडीच्या मालकाला गोव्याला पोचायची घाई असेल. पण पावसाळा दक्षिणेकडूनच वर येतो, तुम्ही त्याच्या तोंडावर निघालाय. १ जूनपासून मासेमारी बंद, इथे होड्या वर ओढायला लागलेत. बंदरावर तीन नंबरचा, वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा लागला तर मालक काही बोलो, साखळी उचलायची नाही.

आईने दिलेले बोंबील ओले झाले असतील तर टाकून दे, तिला सांगू नको.

रात्रीची पाळी कोणाची लावता? तुझी लावली असेल तर मला झोप लागेल.

बाबा