आईची गोळी, बाबांची शुगर

ती. आई-बाबांस, सा. न.

आई, गोळीचा डोस वाढवूनही तुझा टीएसएच उतरत नाही, याचं कारण बहुधा गोळीत नाही, वेळेत आहे. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ते सोडते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी. गळ्यातली थायरॉइड कमी पडली की पिट्युटरी आणखी जोरात हाका मारते, म्हणून आकडा चढतो. तू थायरॉइडची गोळी चहासोबत घेतेस आणि लगेच कॅल्शियमचीही. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. तेव्हा उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत गोळी, चहा निदान अर्ध्या तासानं, तासाभरानं तर उत्तमच. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. मध्ये चार तास जाऊ दे. मीठ आयोडीनचंच आण आणि झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेव.

कॅल्शियम नुसतं गिळून भागत नाही. रक्तातलं कमी झालं की थायरॉइडमागच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन ते हाडांतून ओढून घेतं. आतड्यातून शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कोवळ्या उन्हात फारसं बनत नाही. हिवाळ्यात अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं अंगणात बसा. आपल्याकडच्या मे महिन्यात हा उपद्व्याप नको.

बाबा, ज्वारीची भाकर चांगलीच, पण रात्री साडेनऊला तीन भाकरी आणि वर भात, हे इन्सुलिनला झेपत नाही. आधी भाजी आणि चून, मग भाकर, तीही आठच्या आत. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवाय ओढून घेतात. पाण्याच्या पाळीसाठी रात्रभर वावरात जागलात की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, यकृत साखर सोडतं, आणि उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसते. त्या आकड्यावरून स्वतः गोळी वाढवू नका. एकादशीला गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तसं झालं तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या.

बाजारातली ‘हार्मोन बॅलन्स’ची पावडर घेऊ नका, पैसे वाया. आई, केसांच्या गोळ्यांत बायोटिन हे ब जीवनसत्त्व असतं, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. तपासणीआधी दोन दिवस त्या बंद. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच रक्त दे, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घे, आणि रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची लेक