लिनक्सवर चालेल का, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत येत्या काळातल्या गेम्सची मोठी यादी आपण छापलीत. मी ती हातात पेन घेऊन वाचली. प्रत्येक नावापुढे तारीख आहे, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि विंडोज यांचे रकाने आहेत. लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणालीचा, रकाना मात्र नाही. मी हिशेबनीस आहे, गेली सतरा वर्षे घरच्या संगणकावर फक्त लिनक्स वापरते आणि कामावरून आले की रोज रात्री दोन तास खेळते. यादीतले कोणते गेम मला खेळता येतील, हे आपल्या पानावरून मला कळले नाही. म्हणून हे पत्र.

पूर्वी हा रकाना रिकामाच राहिला असता, हे मला मान्य आहे. विंडोजसाठीचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ १९९३ पासून आहे, पण त्यावर नवा गेम सुरू करणे म्हणजे अख्खी सुट्टी घालवणे. आवाज आला तर चित्र नाही, चित्र आले तर माउस हलत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर आधारलेला ‘प्रोटॉन’ स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानातच घातला आणि माझ्या रात्री बदलल्या. गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाकडे जे मागतो, ते प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग लिनक्सवरही चालणाऱ्या वल्कनच्या भाषेत सांगतो. हा डीएक्सव्हीके एका प्रोग्रामरने लिहायला घेतला तो ‘नियर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. एका खेळाडूच्या हट्टाचा फायदा आज माझ्यासारख्या कितीतरी जणांना रोज होतो, आणि त्या माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

गेल्या वर्षी मी खेळलेलेच सांगते. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला आला. २०१९ मध्ये घोषणा झाली तेव्हापासून मी त्याची वाट पाहत होते. तो बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती पहिल्याच दिवशी दिली. मध्ये कोणताही दुभाषी नाही. बेल बीस्ट या त्यातल्या शत्रूने मला त्या रात्री किती वेळा लोळवले ते मोजले नाही, पण प्रत्येक वेळी चूक माझ्या बोटांची होती, संगणकाची नव्हे. ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ संगणकावर फक्त विंडोजसाठी आहे, तो मी प्रोटॉनवर पूर्ण केला. त्यात शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो. चित्र जरा जरी अडखळले तरी डाव गेलाच. माझा तसा एकही डाव गेला नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ला तर तो बनवणाऱ्या लॅरियनने सप्टेंबर २०२५ मध्ये, मूळ गेम येऊन दोन वर्षे झाल्यावर, स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी लिनक्सची खास आवृत्ती दिली. अधिकृत आधार फक्त डेकपुरता आहे, तरी मला हे फार मोलाचे वाटले.

आता जिथे दार बंद आहे तिथले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन मोठे नेमबाजीचे ऑनलाइन गेम आले. १० तारखेला ‘बॅटलफिल्ड ६’, ३० तारखेला ‘आर्क रेडर्स’. बॅटलफिल्डची मूळ स्टुडिओ डाइस स्टॉकहोमची आणि आर्क रेडर्सची एम्बार्कही तिथलीच. डाइसचे माजी प्रमुख बाहेर पडले आणि त्यांनीच एम्बार्क सुरू केली. म्हणजे तालीम एकाच आखाड्यातली. तरीही आर्क रेडर्स प्रोटॉनवर व्यवस्थित खेळता येतो आणि बॅटलफिल्ड ६ मध्ये लिनक्सवाल्यांना शिरताच येत नाही. अडते ते ग्राफिक्सपाशी नाही, अँटी-चीटपाशी, म्हणजे लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. बॅटलफिल्डचा पहारेकरी विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतो आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय खेळू देत नाही. आर्क रेडर्स ‘ईझी अँटी-चीट’ वापरतो. हा आणि ‘बॅटलआय’ हे दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते.

कंपन्यांची बाजू मी धुडकावत नाही. लिनक्सचा कर्नल कोणालाही बदलता येतो, त्यामुळे तिथे लबाडी लपवणे सोपे, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘एपेक्स लेजेंड्स’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच कारण देऊन लिनक्सचा प्रवेश बंद केला. भिंतीपलीकडचे पाहून गोळ्या घालणाऱ्याशी खेळताना मलाही संताप येतो. पण तसले लोक विंडोजवर, कर्नलमधल्या पहाऱ्यानंतरही सापडतातच. मग सर्व्हरवर खेळाडूचे वागणे तपासण्यावर जोर द्यायचा सोडून प्रामाणिक माणसांनाच बाहेर का ठेवायचे?

माझा भाचा आणि मी दर शनिवारी रात्री एक ऑनलाइन गेम खेळायचो. तो परदेशी असतो, आमच्या गप्पा त्या निमित्तानेच व्हायच्या. एका अपडेटनंतर माझ्या पडद्यावर ‘प्रवेश नाही’ असे दोन शब्द आले. रीतसर विकत घेतलेला गेम. कंपनीला लिहिले, उत्तर आले की विंडोज वापरा. गेमचे नाव लिहीत नाही, पण ते शनिवार मला अजून आठवतात.

म्हणूनच आपल्या यादीत ती एक ओळ हवी. सगळ्यांचे डोळे लागलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ला जाहीर केला आहे, तोही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी. पुढेमागे तो संगणकावर आला तर मला धाकधूक राहील, कारण त्याच्या आधीच्या भागाच्या ऑनलाइन खेळात सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि लिनक्सवाले बाहेर पडले. एकट्याने खेळायची कथा मात्र चालू राहिली. उलट ‘विचर ४’बद्दल मी निर्धास्त आहे. त्याच कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांवर तो चालावा म्हणून प्रोटॉनची नवी आवृत्ती लगोलग आली होती. व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेले स्टीम मशीन हे गेमयंत्रही लिनक्सवरच चालते, आणि स्टीमच्या पाहणीत त्याच सुमारास लिनक्सवाले ३ टक्क्यांच्या पुढे गेले. या आकड्याकडे कंपन्या बघतील, अशी मला आशा आहे.

रकान्यात फार काही लिहायला नको. ‘स्वतंत्र आवृत्ती’, ‘प्रोटॉनवर चालतो’, ‘फक्त एकट्याने’ किंवा ‘अँटी-चीटमुळे बंद’, यातला एक शेरा पुरे. तपासायला आपल्याकडे कोणी नसेल तर मी आहे. गेम आला त्याच रात्री चालवून पाहीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळवीन.

आपली,
एक नियमित वाचक