गणितातला न विचारलेला प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका पालकांचे पत्र आले होते. मुलांना बेरीज-गुणाकार येतात, पण शाब्दिक उदाहरण समोर आले की ती गळपटतात, आणि हे सगळे मोबाईलमुळे, असा त्यांचा सूर होता. मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत तिसरी-चौथीला शिकवले. त्यातली निदान १५ वर्षे हे नुकसान माझ्याच हातून झाले, आणि तेव्हा मोबाईल कुठे होता?

माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता असे. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ म्हणजे गुणाकार, ‘वाटले’ म्हणजे भागाकार. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो वाखाणलाही होता. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा मी फळ्यावर लिहिले : ‘मीनाकडे २४ कैऱ्या आहेत. त्या राजूच्या कैऱ्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?’ जवळजवळ सगळ्या वर्गाने ३० लिहिले. ‘जास्त’ होते ना! राजूकडे १८ कैऱ्या आहेत हे समजायला कैऱ्या डोळ्यांपुढे आणाव्या लागतात, आणि मी तर मुलांना शब्द हेरायला शिकवले होते. तक्ता त्याच दिवशी काढला असे म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात साहेब यायचे होते.

हा रोग आपलाच आहे असेही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारले होते, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची खटपट करून उत्तर काढले. निवृत्तीनंतर संध्याकाळी गल्लीतली मुले माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसतात. त्यांना मी विचारले, ट्रॉलीत कापसाची २५ गाठोडी आणि मक्याची ८ पोती आहेत, तर ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे वय किती? नऊपैकी सात जणांनी ३३ सांगितले. एकीने वर पुरावाही दिला, की तिचे काका ट्रॅक्टर चालवतात आणि ते एवढेच आहेत!

आता जास्त पायऱ्यांच्या उदाहरणाकडे येते. मुले अडतात ती आकडेमोडीत नव्हे. पुस्तक शेवटचा प्रश्न विचारते, मधला विचारत नाही, आणि तो मधला प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. माझ्या ओट्यावरचे उदाहरण असे : ‘४ बायांनी प्रत्येकी ३५ किलो कापूस वेचला. वेचणी किलोला १० रुपये. मालकाने ५०० रुपये उचल आधीच दिली होती. आता किती रुपये द्यायचे?’ पहिल्या दिवशी एका पोराने चारही आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली आणि ५४९ असे उत्तर दोन रेघा ओढून लिहिले. त्याला चूक म्हणाले नाही. ‘५४९ काय, किलो की रुपये?’ एवढेच विचारले. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण लिहिले, पण शेवटचे वाक्य वहीने झाकले. म्हटले, उत्तर नको, यातून काय काय काढता येईल ते सांगा. आधी शांतता. मग एकाने सांगितले, सगळ्यांचा मिळून कापूस किती. दुसरा म्हणाला, एकीची मजुरी किती. तिसरीने एकूण मजुरी सांगितली. आणि जिची आई स्वतः वेचणीला जाते ती म्हणाली, ‘बाई, उचल चौघींनी सारखी घेतली होती का?’ असा प्रश्न कुठल्या गाईडमध्ये मला कधी दिसला नाही. सारखी घेतली असे धरले, तर एकीची मजुरी ३५०, उचल १२५, हातात २२५. चौघींचे ९००. दुसऱ्या बाजूने १४० किलोचे १४०० रुपये, त्यातून ५०० वजा केले की पुन्हा ९००. वही उचलून खालचा प्रश्न दाखवला तेव्हा मुले हसायला लागली, कारण उत्तर केव्हाच निघाले होते. पडताळा घ्या असे सांगावे लागले नाही.

कधी आकडेच गाळते. ‘काही बायांनी काही किलो कापूस वेचला’ म्हटले की बेरीज करायला काही उरतच नाही, गोष्टच सांगावी लागते. ती घरच्या बोलीत सांगू द्यावी. ‘आते कितला पैसा देना पडतीन?’ असे अहिराणीत विचारणाऱ्या मुलाला गणित कळलेले असते. आपण त्याची भाषा सुधारायला जातो आणि गोष्टीचा धागा तिथेच तुटतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना तर हे आणखीच जाचत असणार.

आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. तिथल्या पाटणच्या शिलालेखाने सगळ्यांना ठाऊक करून दिले, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ साली मठ स्थापला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. आपण सहलीला जातो, डबा खातो, धबधबा बघतो. याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भुंग्यांचे उदाहरण आहे. थव्याचा एक पंचमांश भाग कदंबावर, एक तृतीयांश शिलींध्रीच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एकच भुंगा हवेत घिरट्या घालतो, तर भुंगे किती? उत्तर १५. म्हणजे तीन, पाच, सहा आणि तो एकटा. उदाहरण सहावी-सातवीचे आहे, पण मेख तीच. फरक किती, हे कुणी विचारत नाही आणि तो काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. वर्ग दोन-दोन, माहिती भरायची ऑनलाइन, वर अभ्यासक्रम संपवायचा. एका उदाहरणाला अर्धा तास द्यायचा कुठून? तरी म्हणेन, आठवड्याला दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा दोनच घ्या. पालकांनी मात्र घरी ‘अरे, इथे वजाबाकी कर’ असे पटकन सांगू नये. आमच्या घरी माझा मुलगा नातवाला अजून तसेच सांगतो. शेवटी तोही माझ्याच हाताखाली शिकलेला.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या मुलांच्या पानाकडे एक मागणी आहे. दर आठवड्याला प्रश्न नसलेले एक उदाहरण छापा आणि त्यावरचे प्रश्न मुलांकडून मागवा. पहिले मी देते : ‘पोळ्यासाठी बाबा १००० रुपये घेऊन बाजारात गेले. दोन बैलांना प्रत्येकी ४ गोंडे घेतले, एक गोंडा ३० रुपयांना. एकेक झूलही घेतली, झूल २५० रुपयांना.’

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव